पहिलं पाणी कुंड्यांना

"मावशी, लगेच ये. आणि येताना पाणी तुझं तू घेऊन ये. या घरातलं काही पिऊ नकोस."

एवढं बोलून भाचीनं फोन ठेवला. मावशीच्या हातातला चहा तसाच राहिला.

मावशीनं विमा कंपनीत खोटे दावे शोधण्यात उभी नोकरी काढली होती. स्वतःच पेटवलेली दुकानं, स्वतःच बुडवलेल्या गाड्या, सगळं बघून झालं होतं. कुणी काहीही सांगितलं की आधी 'नाही' म्हणायचं आणि मग ऐकायचं, ही तिची रीत. ऑफिसात तिला नाहीबाई म्हणत आणि तिला ते मनातून आवडायचं. पण भाचीचा असा आवाज तिनं आजवर ऐकला नव्हता.  बाटली भरून ती निघाली.

भाचीनं दार किलकिलं करून आधी बाहेर पाहिलं, मग मावशीला आत घेतलं. स्वयंपाकघरात ओट्यावर पाण्याच्या फिल्टरचा जग होता. भाची त्याच्याकडे पाठ करून बसली, पण बोलताना सारखी मान वळवून त्याच्याकडे बघत होती. तिचे ओठ सुकले होते. तिनं मावशीची बाटली घेतली आणि घटाघटा अर्धी संपवली.

मग तिनं सांगितलं ते असं. काल दुपारी तिचे सासरे खुर्चीतच मान टाकून पडलेले सापडले. किती हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. याआधीही या चार-पाच दिवसांत ते एकदोनदा असे गुंगीत सापडले होते, पण वय झालं म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. काल मात्र हॉस्पिटलात न्यावं लागलं. आज सकाळी तिथल्या डॉक्टरांचा निरोप आला की रक्तात झोपेचं औषध निघालंय आणि पोलिसांना कळवलंय.

घरात सगळे एकाच भांड्यातलं जेवत. सासऱ्यांचं वेगळं असं एकच होतं, पाणी. नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून ते अर्ध्या पेल्यावरच थांबायचे. तेव्हा नणंदेनं आपल्याकडे आहे तसा फिल्टरचा जग सुचवला. भाचीनं चार दुकानं पालथी घातली. म्हाताऱ्या हाताला जड नको, फ्रिजच्या दारात मावायला हवा, कार्ट्रिज जवळपास मिळायला हवं. वरच्या कप्प्यात नळाचं पाणी ओतायचं, ते कार्ट्रिजमधल्या कोळशातून झिरपत खाली येतं. तो जग फक्त सासऱ्यांचा आणि तो भरायचं काम भाचीचं.

"आणि झोपेच्या गोळ्या घरात कुणाच्या?" मावशीनं विचारलं.

"माझ्या. मध्ये मला झोप लागत नव्हती तेव्हाच्या. दोन-तीनच घेतल्या होत्या मी. आज बघितलं तर पाकीट रिकामं." भाचीनं मावशीचं मनगट घट्ट धरलं. "मावशी, माझ्याच हातून तर काही झालं नसेल ना? मला आठवतही नसेल असं?"

"नाही," मावशी म्हणाली. पण तो 'नाही' सवयीचा होता, आणि हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

तेवढ्यात जावई आत आला. दाढी वाढलेली, आवाज मात्र अगदी मऊ. मावशीची त्यानं आपुलकीनं चौकशी केली, बायकोकडे बघितलंही नाही. मग काचेच्या पेल्यात जगमधलं पाणी ओतून त्यानं पेला खिडकीच्या उजेडात धरला. पाण्यात बारीक काळे कण तरंगत होते.

"बघा मावशी. बाबांच्या पाण्यात काय आहे ते. मी हिच्यावर आळ घेत नाही, पण जग हीच भरते. मी कधी हातही लावत नाही. तो उघडतात कसा, हेसुद्धा मला माहीत नाही. पोलीस आले की हा पेला त्यांच्यासमोर ठेवणार."

"ते कण काल नव्हते," भाची म्हणाली.  "काल सकाळी भरला तेव्हा पाणी स्वच्छ होतं."

"तेच तर," जावई हळूच म्हणाला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

मावशीनं पेल्यावर वाकून कण निरखले.

"कार्ट्रिज कधी बदललंस?"

"गेल्या आठवड्यात. झाकणावर बदलल्याचा महिना दाखवणारी चकती असते, ती तेव्हाच फिरवली."

"नवं घातल्यावर काय करतेस?"

"पहिले दोन जग पाणी कुंड्यांना. ते प्यायचं नसतं. वन्संनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्या तर तिसरंही ओततात."

"काल हॉस्पिटलातून घरी कोण आलं होतं?"

"संध्याकाळी हे आले होते, बाबांचे कपडे न्यायला. मी रात्री परतले. वन्सं कामावरून थेट हॉस्पिटलात गेल्या, त्या अजून तिथंच आहेत."

मावशीनं नणंदेला फोन लावला. नणंद रडून रडून चिडलेली होती. तुमच्या भाचीनं इथं पाऊल टाकायचं नाही, बाबांना पाणी पाजायचं तर लांबच राहिलं, असं तिनं पहिल्याच वाक्यात सुनावलं. मावशीनं ऐकून घेतलं. हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. बाबांना हे मोठं घर विकून लेकीजवळ लहान जागेत यायचं होतं. त्यावरून घरात धुसफूस चालली होती. भाऊ म्हणत होता की बाबांना आता काही समजत नाही, डॉक्टरांकडून तसं लिहूनच घेऊ या. आणि परवा त्यानं विचारलं होतं, या फिल्टरमध्ये औषधबिवषध अडकतं का?

"मी म्हटलं, अडकतं की, कोळसाच तो," नणंद म्हणाली. "तेव्हा मला काही वाटलं नाही. आता कळतंय, तिनंच विचारायला लावलं असणार."

फोन ठेवून मावशीनं कार्ट्रिज उचलून पाहिलं. इथल्या पाण्यानं जगच्या कडेला पिवळट रेघ धरली होती. कार्ट्रिज मात्र पांढरं स्वच्छ होतं.

"जादाचं आणून ठेवलेलं आहे का?"

"आहे ना, एक आहे." भाचीनं ओट्याखालचं कपाट उघडलं आणि आतला खोका हलवला. खोका रिकामा होता. "इथंच होतं," ती पुटपुटली.

मावशीला सगळं कळलं. जावई पलीकडच्याच खोलीत होता आणि घराच्या दाराला आतून कडी होती. दोन बायका आणि तो, घरात चौथं कुणी नव्हतं.

"काय शोधताय?" जावई दारात उभा होता. तो कधी उठून आला ते दोघींनाही कळलं नव्हतं.

"नाही, काही नाही," मावशी म्हणाली. "कुंड्या सुकल्यात, म्हटलं पाणी घालावं."

तो हलला नाही. मावशीनं तांब्या नळाखाली धरला. चेहरा त्याला दिसू नये म्हणून तिनं पाठ वळवली आणि तांब्या भरून वाहू लागला तरी नळ बंद केला नाही. दारावरची घंटा वाजेपर्यंत ती तशीच उभी राहिली. नोकरीत तिनं पुष्कळ लबाड पाहिले होते, पण एखाद्याच्या घरात त्याच्याकडे पाठ करून उभं राहायची वेळ आली नव्हती.

फौजदार आले. जावयानं पेला पुढे केला आणि बायकोच्या झोपेच्या गोळ्यांचंही सांगितलं. फौजदारांनी कण निरखले आणि भाचीकडे वळून गोळ्यांचं पाकीट मागितलं. भाचीनं ते दिलं.

"साहेब, तो पेला जपून ठेवा," मावशी म्हणाली. "गुन्हेगारानं स्वतःच्या हातानं दिलेला पुरावा आहे तो."

"म्हणजे?" फौजदारांनी विचारलं.

"हे विष नाही, औषधही नाही. ही कोळशाची भुकटी आहे. नवं कार्ट्रिज न धुता वापरलं की पहिल्या पाण्यात ती उतरते. पुढे पाणी स्वच्छ येतं. माझ्या भाचीनं कार्ट्रिज गेल्या आठवड्यात बदललं आणि पहिलं पाणी कुंड्यांना घातलं. मग आज कण आले कुठून? कारण काल कुणीतरी पुन्हा नवं घातलं. खोक्यातलं जादाचं गायब आहे."

"तेही हिनंच घातलं असेल," जावई म्हणाला.

"नाही. हिनं घातलं असतं तर पहिलं पाणी सवयीनंच कुंड्यांत गेलं असतं. तुमच्या बहिणीनंही तेच केलं असतं, हिला शिकवलं तिनंच. शिवाय ती हॉस्पिटलातून हललेली नाही. पहिलं पाणी टाकायचं असतं हे या घरात एकाच माणसाला माहीत नव्हतं. ज्यानं त्या जगला कधी हात लावला नव्हता त्याला."

"पण कार्ट्रिज बदलायचं कशाला?" फौजदार म्हणाले.

"सुरुवातीला गोळ्यांची पूड वरच्या कप्प्यात पडत होती, साहेब. बरीचशी कोळशातच राहायची, म्हणून म्हाताऱ्यांना नुसती गुंगी यायची. यांनी बहिणीला विचारलं आणि उत्तर मिळालं. मग काल पूड थेट खालच्या पाण्यात गेली आणि म्हातारे मरता मरता वाचले. यांना मारायचं नव्हतं कदाचित. बाप भ्रमिष्ट झालाय एवढं डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं होतं, म्हणजे घर विकायचं राहिलं असतं. पण आधीची पूड जुन्या कार्ट्रिजमध्ये अडकलेली होती. कुणी तपासलं तर? म्हणून काल संध्याकाळी यांनी जग धुतला, नवं कार्ट्रिज घातलं आणि होता तसा भरून ठेवला. सकाळी पाण्यात कण दिसले. ते कशाचे हे यांनाही कळलं नाही, पण बायकोच्या माथी मारायला बरे सापडले."

"मग जुनं कार्ट्रिज कुठं टाकलंत?" म्हणत फौजदारांनी जावयाकडे गाडीची किल्ली मागितली. ती देताना त्याचा हात खिशातच अडकून बसला. जुनं कार्ट्रिज गाडीत मागे निघालं, जादाच्या टायरखाली, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं.

"मी फक्त झोपवत होतो त्यांना," तो म्हणाला. आवाज अजून तसाच मऊ होता.

भाची त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आणि मला?" तिनं विचारलं. "मी सकाळपासून स्वतःचेच हात बघत बसले होते. तू शेजारी होतास."  फौजदार त्याला घेऊन गेले.

संध्याकाळी मावशी भाचीला हॉस्पिटलात घेऊन गेली. दारात नणंद उभी होती. तिला सगळं कळलं होतं. ती बाजूला झाली आणि भिंतीला डोकं टेकून रडू लागली.

सासरे उशीला टेकून बसले होते. ओठ कोरडे पडले होते. त्यांनी सुनेला पाहिलं आणि पेल्याकडे बोट दाखवलं.

भाची जागेवरच थिजली. नर्सनं भरून ठेवलेलं साधं पाणी होतं, तरी तिचा हात पुढे होईना. मग तिनं पेला उचलला, आधी स्वतः एक घोट घेतला आणि वाट पाहत उभी राहिली.

"अगं, तहान मला लागलीय," सासरे म्हणाले.

तिनं पेला त्यांच्या ओठांना लावला. हात इतका थरथरत होता की पाणी त्यांच्या गळ्यावर सांडलं. म्हाताऱ्यांनी तिच्या हातावर आपला हात ठेवला, पेला नीट धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायले.