पिशवीतली कणसं

"हुरडा खाता का, बाई?"

आगटीजवळ बसलेल्या उंच, सावळ्या तरुणाने हसत हात पुढे केला. तळहातावर हिरवे, गरम दाणे. मी घेणारच होते... तेवढ्यात शेजारी पडलेल्या कागदी पिशव्या दिसल्या. माझ्या अक्षरात खुणा लिहिलेल्या!

तळपायाची आग मस्तकात गेली. ज्वारीच्या इवल्या फुलांतले परागकोश चिमट्याने काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग टाकायचे, वर पिशवी बांधायची... खोडमाशीला दाद न देणारी ज्वारी काढायला दोन हिवाळे मी काष्टी गावच्या या रानात मान मोडून बसले होते. संशोधन केंद्राच्या साहेबांनी बजावलंच होतं, "विजयाबाई, यंदा बी आलं नाही तर हा प्रयोग बंद."

"दोन वर्षं खाल्लीत तुम्ही माझी!"

तो दाणे टाकून उभा राहिला. शेतमालकीण लंकाबाईंचा हा मुलगा गोरक्षनाथ, कालच पलटणीतून रजेवर आलेला.

"मला वाटलं, आईनं पाखरांपासनं राखल्यात," तो पुटपुटला. "म्हनून पावन्यांसाठी नेमकी तीच खुडली..."

बांधाकडेचं एकच कणीस वाचलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो गोफण घेऊन तिथेच उभा. मी जाता-येता टाकून बोलायची.

"लई रागावता तुमी."

"मग आरती ओवाळू?"

"चालंल की!"

मेला हसायचा छान. त्याचाही मला रागच यायचा... आणि एखाद्या दिवशी तो दिसला नाही की जास्तच.

महिन्याभराने कणीस पिकलं. मी ते खुडलं. दाणे टपोरे, चांगले मूठभर. प्रयोग वाचला होता! मी हरखून वळले, तर त्याच्या खांद्यावर ट्रंक.

"निघतो, बाई. रजा संपली."

"सगळी रजा एका कणसापायी घालवलीत?"

"कणसापायी न्हाई." त्याने मान खाली घातली. "तुमी रोज यायचा... म्हनून."

माझे डोळे भरले. रागानेच!

"अहो, मग हे महिनाभर आधी बोलायला काय झालं होतं?"

"तुमी बोलू दिलं कुठं?"

खरंच की. मला माझाच संताप आला. मी पुढे होऊन त्याच्या खांद्यावरची ट्रंक खाली ओढली.

"दुपारच्या गाडीने जा. तोवर बसा इथे. आणि बोला!"