कॅरिअरवरचं वजन

सायकल मी स्वतः जुळवली, हे आधी सांगतो, म्हणजे उगाच गुरुच्या डोक्यावर खापर फुटायला नको. गुरुचं सायकलचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. त्यानं फक्त चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून दिला. बाकी डिझेलमध्ये बेअरिंगचे छर्रे धुण्यापासून दांड्याला काळा रंग मारण्यापर्यंत सगळं माझं काम. मायाक्का, माझी बायको, गेल्यापासून दोन वर्षं ती सायकल जिन्याखाली गंजत होती. कॅरिअर मात्र मी तसंच ठेवलं. बसल्यावर हाताला धरायला म्हणून मायाक्कानं त्याच्या सळीला टॉवेलची लाल किनार गुंडाळली होती.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. ती तिथंच शिवणखात्यात. बावीस वर्षं आम्ही एकाच सायकलवर कामाला गेलो. नाका ओलांडला की ती मागं बसायची. पुढं वाटेत रुळांवरचा पूल लागतो. पायथ्याशी ती उतरायची आणि म्हणायची, "तुमी व्हा म्होरं, मी आलेच." मी एकटा चढ मारायचो आणि वर कठड्याला पाय टेकून धापा टाकत तिची वाट बघायचो. ती चालत यायची, बसायची, मग उतार. यात कधी खंड पडला नाही.

दवाखान्यातही ती तेच म्हणाली. भरदुपार होती. घरी जाऊन डबा आणतो म्हणालो, तर म्हणाली, "तुमी व्हा म्होरं, मी आलेच." डबा घेऊन परतलो तेव्हा कॉटवर नवी चादर घालत होते. शेवटच्या घटकेला मी तिला एकटं टाकलं. ही गोष्ट अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

अडलेला माग सोडवायला कारखान्यात मला अजून बोलावतात. तेवढ्यासाठीच सायकल पुन्हा जुळवली होती. पहिल्या सकाळी नाक्यापर्यंत झकास चालली. नाका ओलांडल्यावर मागनं जड लागायला लागली. ब्रेक घासत असेल म्हणून उतरून बघितलं. ब्रेक मोकळा होता. मागचं टायर मात्र खाली दबलं होतं, माणूस बसल्यावर दबतं तेवढं. हवा मारून घेतली. टायर दबलेलंच राहिलं.

पुलाच्या पायथ्याशी सायकल एकदम हलकी झाली. मी चढ मारला आणि वर दम खायला थांबलो. जरा वेळानं कॅरिअर करकरलं आणि टायर पुन्हा दबलं.

मी यंत्रातला माणूस. ट्यूब बदलली, कॅरिअरचे नट आवळले, सायकल गुरुला दाखवली. तो म्हणाला, "काका, सायकलीत काय बी न्हाय. वय झालं की तुमचं." चौथ्या दिवसापासून मी तपासणं सोडलं. वर पोचलो की कठड्याला पाय टेकायचा आणि करकर ऐकू येईपर्यंत हलायचं नाही. भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर सुख वाटत होतं. आता काही झालं तरी तिला मागं टाकायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

वर कठड्याशी रत्नम्मा पेरूची पाटी घेऊन बसते. ती याच वर्षी आलेली. मायाक्काला तिनं कधी बघितलेलं नव्हतं. रोज मला थांबलेला बघायची, पण कधी काही विचारलं नाही.

मंगळवारी मालकाचा फोन आला. सहा माग एकदम बंद पडले होते आणि माल त्याच दिवशी निघायचा होता. चढावर फोन पुन्हा वाजू लागला. त्या गडबडीत वर पाय टेकायचा राहिला आणि मी तसाच उतारानं निघून गेलो.

कारखान्याच्या फाटकात सायकल स्टँडला लावताना कळलं. मागची बाजू एका हातानं उचलली गेली.

तसाच माघारी आलो. ऊन डोक्यावर येईपर्यंत पुलावर उभा राहिलो. रत्नम्मा पाटी रिकामी करून गेली होती. टायर दबलं नाही. दुसऱ्यांदा टाकलं मी तिला.

दुसऱ्या दिवशी नाक्यापासूनच सायकल हलकी होती. चढावर छातीत कळ आली. वर धापा टाकत उभा होतो तेव्हा रत्नम्मानं हाक मारली.

"काल थांबला न्हाईत की, अण्णा. तुमच्या मंडळी लई वेळ उभ्या हुत्या हितं."

कोण, म्हणून विचारलं.

"मागं बसतात की, लाल किनार धरून. त्याच."

ती काही बोलली का, एवढंच कसंबसं विचारलं.

रत्नम्मानं पेरू पुसून पाटीत ठेवला. "निरोप सांगा म्हनाल्या. आता मी म्होरं हुते, तुमी या मागनं."

आज सकाळी पुन्हा सायकल काढली. नाका ओलांडला. मागचं टायर दबलं नाही.

पायथ्याशी पुढचं दबलं.

चढ लागलेला पायांना कळलाच नाही. वर पोचलो आणि सवयीनं कठड्याला पाय टेकला.

मला धाप लागलेली नव्हती.