रुसलेल्या पाकळ्या

कट्ट! कट्ट! कट्ट!

"बंद कर! रत्नदीप, आधी बंद कर!" रूपा ओरडली.

रत्नदीपनं झटकन वायर उपटली. विहाराच्या ओट्यावर मांडलेलं पुठ्ठ्याचं भलंमोठं कमळ अर्धवट उमलून थांबलं. पाचांपैकी दोन पाकळ्या ऐटीत उघडल्या होत्या. उरलेल्या तीन जागच्या जागी थरथरून गप्प बसल्या होत्या.

"काल तर चार चालत होत्या," तनया हळूच म्हणाली.

"मला माहितीये काल चार चालत होत्या!" रूपा तिच्यावर खेकसली आणि लगेच ओशाळली. तनयाचा काय दोष? ती बिचारी सुट्टीतला रंगकामाचा क्लास सोडून कर्जतहून रोज भिवपुरीला यायची, ते रूपाची वर्गमैत्रीण म्हणून. पाकळ्यांचा तो सुंदर गुलाबी रंग तिनंच दिला होता.

परवा बुद्धपौर्णिमा. दरवर्षी विहारासमोर भाड्यानं आणलेल्या दिव्यांचा देखावा असायचा. यंदा रूपा भर बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "देखावा आम्ही मुलं करणार. आपोआप उमलणारं कमळ!" मोठी माणसं हसली होती. पण समितीचे प्रमुख काळूराम आजोबा म्हणाले, "करू द्या पोरांना." त्यामुळे यंदा दिवे सांगितलेच नव्हते. कमळ उमललं नाही, तर विहारासमोरची जागा रिकामी राहणार होती. मग पुढच्या वर्षी मुलांना काम काय मिळणार? खुर्च्या मांडायचं आणि खुर्च्या उचलायचं!

सगळं घोडं अडलं होतं त्या सर्व्हो मोटारींपाशी. काडेपेटीहूनही लहान, निळ्या रंगाच्या मोटारी. किती फिरायचं ते प्रोग्रॅम भरलेल्या छोट्या सर्किट बोर्डावरून सांगितलं, की तेवढंच फिरून तिथंच थांबतात. प्रत्येक पाकळीखाली एक मोटार, मोटारीवर पांढरी प्लॅस्टिकची पट्टी आणि पट्टीपासून पाकळीपर्यंत दोरा. रूपाच्या चुलत भावानं, म्हणजे रत्नदीपनं, प्रोग्रॅम लिहिला होता. मोटारी बसवायचं नाजूक काम रूपाकडे होतं. बसवल्यावर त्या छान चालायच्या. दोरा ताणला गेला, पाकळीचं वजन आलं, की कट्ट!

"झालं का रं पोरांनो?" काळूराम आजोबा काठी टेकत आले. कमळाकडे बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "परत मोडलं? कुणी बसवली होती?"

"मी," रूपा म्हणाली.

"तुझ्या हातालाच कायतरी हाय बघ. धरतीस ते मोडतंय." आजोबा सहज बोलून गेले. मोठी माणसं असलं काहीतरी बोलतात आणि चहाला निघून जातात. ऐकणाऱ्याला मात्र जेवण जात नाही. "हे बघा, उद्या संध्याकाळपर्यंत फुललं तर फुललं. नायतर मी कर्जतला जाऊन दिव्यांच्या माळा घेऊन येतो."

ते गेल्यावर रूपानं आपले दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले.

"मला खरंच वाटायला लागलंय गं," ती म्हणाली. "माझ्या हातालाच..."

"गप ए!" रत्नदीप उसळला. "आपण काय काय नाय केलं? मोटारींना वेगळी बॅटरी दिली. पुठ्ठा पातळ केला. दोरे बदलले. मला विचारशील तर दुकानदारच लबाड हाय! आपण परत केलेल्या मोटारी पाकीट चिकटवून परत आपल्यालाच देत असणार!"

"रत्नदीप!" तनयाचे गाल लाल झाले. "तो माझा काका आहे!"

कर्जतच्या बाजारपेठेत शशिकांत काकांचं इलेक्ट्रॉनिक सामानाचं दुकान होतं. या मोटारी तिथूनच यायच्या. मोडलेली मोटार ते कुरकुर न करता बदलूनही द्यायचे, वर "नीट बसवत जा गं," असं रूपालाच ऐकवायचे.

"काका हाय म्हणून काय झालं?"

"मग मी उद्यापासून येतच नाही!"

"भांडू नका ना!" रूपाला आता रडूच फुटलं. "खूण करून बघू या. तनया, तुझ्याकडे नेलपॉलिश आहे ना?"

तिन्ही मोडक्या मोटारींच्या तळाला लाल ठिपका लागला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं कर्जतला जाऊन त्या बदलून घेऊन आली. रिक्षातच रत्नदीपनं पाकिटं उघडली आणि नव्या मोटारी उलट्यासुलट्या करून पाहिल्या. एकीवरही ठिपका नव्हता!

"आता बोल!" तनया म्हणाली.

रत्नदीपनं कान पकडले.

विहारात पोचल्यावर रूपानं श्वास रोखून मोटारी बसवल्या. स्क्रू इतके हळुवार फिरवले, की मुंगीलासुद्धा कळलं नसतं. रत्नदीपनं बटण दाबलं. पाकळ्या हलल्या, थोड्या वाकल्या आणि...

कट्ट! कट्ट!

"शी!" रूपानं स्क्रूड्रायव्हर आपटला. "नवीन मोटारी! वेगळी बॅटरी! मग अजून काय पाहिजे यांना? हार घालू?"

कुणीच हसलं नाही. दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं. त्या दोन शहाण्या पाकळ्या तेवढ्या अजून मजेत उघडमीट करत होत्या. रूपा रागारागानं त्यांच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या कपाळावरच्या आठ्या बदलल्या.

"ह्या दोन कधी आणल्या होत्या रं?"

"तुला ताप होता त्या दिवशी. मी एकटाच गेलेलो. भर दुपारी."

"दुपारी काका घरी जाऊन झोपतो," तनया म्हणाली. "त्या दिवशी मी इकडे आले नव्हते ना, म्हणून दुकानात मी बसले होते. त्या दोन मीच दिल्या होत्या."

"कुठल्या खोक्यातून?"

"त्याच! एकच तर खोका आहे."

"मग तू वेगळं काय केलंस?"

"काहीच नाही गं! पाकीट काढलं आणि दिलं."

"काहीच नाही..." रूपा ताडकन उठली. "आणि काका? काका काय करतात?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शशिकांत काका काय करतात, हे तिघांनीही कितीतरी वेळा पाहिलं होतं. इतक्या वेळा, की आता ते कुणाला दिसतच नव्हतं!

"काका तपासून देतात!" तिघं एकदमच ओरडली.

संध्याकाळी काळूराम आजोबा माळा आणायला निघाले, तेव्हा रिक्षात ही तिघं आधीच बसलेली होती. रूपाच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत बोर्ड, बॅटरी आणि पाण्यानं भरलेली एक छोटी बाटली.

"आजोबा, माळा घ्यायच्या आधी फक्त काकांच्या दुकानात चला. फक्त एकदा!"

"चल बाई. तुझं पण समाधान होऊ दे."

शशिकांत काका नुकतेच झोपून उठून, तोंड धुऊन गल्ल्यावर बसले होते. "या आजोबा! परत मोडली वाटतं? अगं रूपा, मी स्वतः पारखून देतो. आमच्या दुकानातून न तपासता माल बाहेर जात नाही!"

आता प्रश्न होता तो न तपासलेली मोटार मिळवायची कशी. त्याची योजना रिक्षातच ठरली होती.

"काका, ती वरच्या फळीवरची सोल्डरची तार दाखवता?" रत्नदीपनं विचारलं.

काका स्टुलावर चढले. तनयानं खोक्यातून एक पाकीट उचलून रूपाच्या हातात ठेवलं. काका तार घेऊन खाली उतरले, तोवर मोटार काउंटरच्या कडेला चिकटपट्टीनं बसली होती आणि तिच्या पट्टीला पाण्याची बाटली लोंबत होती.

"अरे, हे काय? मी तपासली नाही ती!"

"म्हणूनच काका. नुसतं बघा."

रत्नदीपनं बटण दाबलं. बाटली वर गेली, खाली आली. वर, खाली. वर, खाली. आवाज एकसारखा, कुठे अडखळणं नाही. आजोबाही काठीवर रेलून बघायला लागले.

"मग? चांगलीच आहे की!" काका म्हणाले.

"चांगलीच आहे," रूपानं बाटली सोडवली, बोर्डाची वायर काढली आणि मोटार काकांपुढे धरली. "आता ही तुम्ही तपासा. नेहमी तपासता तशी."

काकांनी ऐटीत मोटार घेतली. कलिंगड वाजवून द्यावं, तसा त्यांचा थाट असायचा. त्यांनी पांढरी पट्टी चिमटीत धरली आणि पिळली. एका टोकापर्यंत, आणि टोकाच्या पुढेही अजून थोडी. मग दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पुढे. कर्रर्र! "बघा, कशी झकास फिरते!"

रूपानं मोटार परत जोडली. बाटली लावली. बटण दाबलं.

बाटली थोडी वर गेली. कट्ट! खाली घसरली. कट्ट! कट्ट!

रूपानं मोटारीचे चार बारीक स्क्रू काढून झाकण उघडलं. आत पांढरी, नखाएवढी प्लॅस्टिकची चाकं होती. एका चाकाचे दोन दात तुटून तळाशी पडले होते.

"मोटारीनं आपण होऊन फिरायचं असतं काका," रूपा म्हणाली. रागानं म्हणणार होती, पण काकांचा चेहरा बघून तिचा आवाज मऊ झाला. "बाहेरून जोरात पिळलं की आतले दात मोडतात. रिकामी फिरताना कळत नाही. वजन आलं की कळतं."

"म्हणजे मी इतकी वर्षं..." काकांनी चष्मा काढून पुसला. "पोरी, आणि मी तुलाच नीट बसव म्हणून सांगत होतो!"

"मग चांगली वळखायची कशी गं?" आजोबांनी विचारलं.

"अशीच! वजन लावून, बॅटरीवर चालवायची. आवाज ऐकायचा, गरम होते का ते बघायचं. जी शेवटपर्यंत तसंच उचलेल ती आपली. पाकिटावर काहीही लिहू देत!"

काकांनी अख्खा खोका रूपापुढे सरकवला. "तूच निवड. मी हात लावत नाही!" सगळ्यात जड पाकळीसाठी त्यांनी धातूचे दात असलेली एक मोटार आपणहून काढून दिली. बाटली एकेक मोटार तपासत राहिली, आणि आजोबा काउंटरवर काठीनं ताल धरून म्हणत राहिले, "पास! ही नापास! ही पास!"

माळा घ्यायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतली सगळी वस्ती विहारासमोर जमली. वंदना झाली. रत्नदीपनं बटण दाबलं. पहिली पाकळी वाकली, दुसरी, तिसरी, चौथी. आणि पाचवी, ती धातूच्या दातांच्या मोटारीवरची जड पाकळी, तेवढी सावकाश निघाली. कर्जतहून खास आलेले शशिकांत काका पहिल्याच रांगेत होते. त्यांना राहवेना. पाकळीला जरा ढकलावं म्हणून त्यांचा हात पुढे झाला.

"काका! हात नका लावू!" तिघं एकदम किंचाळली.

काकांनी हात पाठीमागे लपवला. सगळे खो खो हसले, आणि तेवढ्यात पाचवी पाकळी आपली आपणच पुरती उमलली. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला!

काळूराम आजोबा काठी टेकत पुढे आले. त्यांनी रूपाचा हात धरून सगळ्यांना दिसेल असा वर उचलला.

"ह्या हाताला मी नाय ते बोललो व्हतो. चुकलं माझं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीचा देखावा पण पोरंच करतील. आणि कमळाला हात लावायचा, तर तो फक्त हिनं!"