पाठीवर दोन टपल्या

ही गोष्ट मी रचलेली नाही. ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे सख्खे मामा, आन्सेल्म. आणि मामांना गोष्टी रचता येत नाहीत. आयुष्यभर त्यांनी टपाल वाटलं. त्यांची थट्टा केली तर ती त्यांना तासाभराने कळायची.

म्हणून मी विश्वास ठेवला. तुम्ही ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

तारीख एक नोव्हेंबर. सकाळचे नऊ. फ्रान्समधल्या लोत नदीच्या वरच्या अंगाला आमचं सां-पार्दू गाव, आणि तिथून जुन्या गिरणीच्या पुलाकडे उतरणारा अरुंद रस्ता. दिवसभरात दोन मोटारी गेल्या तरी गर्दी वाटावी असा. दोन्ही बाजूंना अक्रोडाची झाडं.

त्या सकाळी झाडं दिसत नव्हती. इतकं धुकं होतं.

पण आधी सायकलीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मामा-मामींची सायकल दोन सीटची होती. पुढे मामा, मागे सोलांज मामी. हँडल, ब्रेक, गियर सगळं पुढच्याच्या हातात. मागच्याला दिसते फक्त पुढच्याची पाठ. म्हणून पुढच्याने सगळं ओरडून सांगायचं. "खड्डा!" "ब्रेक!" "ओलं आहे!" आणि मामी त्यांच्या पाठीवर दोन बोटांनी दोन टपल्या मारायची.

म्हणजे, ऐकलं.

एकतीस वर्षं असंच चाललं. रविवारी सकाळी आमचं सायकल मंडळ चर्चपुढून निघायचं, तेव्हा नव्या जोडप्यांना मामीच बजावायची, "घरी खुशाल अबोला धरा. सायकलवर नाही!"

आणि मग तो सप्टेंबर आला.

सकाळी दोघांचं भांडण झालं. त्यांची लेक क्लोतिल्द तुलूझला असते. आईबाबांनी आता तिच्याजवळ राहायला यावं, असं तिचं म्हणणं. मामीला जायचं होतं. मामांनी मामीला न विचारताच फोनवर नाही सांगून टाकलं.

"तुला पुढचा रस्ता तेवढा दिसतो," मामी म्हणाली. "मागे कुणी बसलंय, हे दिसतच नाही तुला."

मामा फुगून बसले. तसेच दोघं फिरायला निघाले.

गिरणीच्या उतारावर, वळणावर, मामी पडली. हेल्मेट होतं. पण मानेला लागलं. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

"खड्डा पानांखाली झाकला होता," मामांनी सगळ्यांना सांगितलं. "दिसलाच नाही."

कुणी एका शब्दानेही दोष दिला नाही.

त्यानंतर तीन वर्षं मामा ती सायकल एकटेच चालवत राहिले. मागची सीट रिकामी. आणि तरीही ते ओरडायचे. "खड्डा!" "ब्रेक!" लोक आधी हळहळले, मग हसायला लागले. एकदा मंडळात नवीन आलेला फाबियाँ म्हणाला, "अहो आन्सेल्म, मागच्यांना सांगा ना जरा जोर लावायला!" बेकरीवाल्या बूर्देल बाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि असं झापलं, की पुढे महिनाभर तो त्या दुकानात पाव घ्यायला गेला नाही.

लोकांच्या हसण्याचं मामांना काही वाटत नव्हतं. त्यांना पाठीवर दोन टपल्या हव्या होत्या. तेवढ्यासाठी ते ओरडायचे.

टपल्या कधीच आल्या नाहीत.

त्या एक नोव्हेंबरला, मृतांच्या सणासाठी, क्लोतिल्द आली होती. दारात मामा सायकलच्या कॅरियरला शेवंतीची कुंडी बांधत होते.

"बाबा, एवढ्या धुक्यात? मी गाडीने नेते ना."

"दरवर्षी मी सायकलनेच जातो."

"ती सायकल आता कुणाला तरी देऊन टाका हो. मला बघवत नाही ते."

"मग बघू नकोस," मामा म्हणाले. एवढं बोलून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं. "तू गाडीने पुढे हो. मी येतोच पाठोपाठ."

मामीला पुरलं ते कबरस्तान तिच्या माहेरी, नदीपलीकडे. मामा नेहमी वरच्या मोठ्या रस्त्याने, लांबचा वळसा घालून जायचे. गिरणीच्या उतारावर तीन वर्षांत त्यांनी चाक टाकलं नव्हतं.

पण फाट्यावर गावातला शिकारी रेमाँ उभा होता. नारिंगी जाकीट, खांद्याला बंदूक, पायाशी त्याची कुत्री.

"वर जाऊ नका आन्सेल्म, रानडुकरं हाकतोय आम्ही. क्लोतिल्द मघाशीच गेली, पण ती गाडीत होती. धुक्यात पोरं तुम्हालाच डुक्कर समजायची. गिरणीच्या रस्त्याने जा."

मामांनी एक पाय जमिनीवर टेकला. तो रस्ता नको, असं म्हणणार होते.

तेवढ्यात कुत्री उठली.

मामांकडे नाही... मागच्या सीटकडे गेली. शेपूट हलवत. मान वर करून हवेतच काहीतरी हुंगलं... आणि जीभ बाहेर काढून चाटल्यासारखं केलं.

मामी तिला नेहमी बिस्कीट द्यायची.

"फूल आवडलं वाटतं हिला," रेमाँ हसला. पण कुंडी बरीच मागे होती, कॅरियरवर.

मामा गिरणीच्या रस्त्याला लागले.

धुक्यात चाकांचा आवाज तेवढा येत होता. एक बंदुकीचा बार झाला, लांब कुठेतरी. मग तोही आवाज विरला.

"दगड!" मामा सवयीने ओरडले.

आणि...

पाठीवर. टप. टप.

मामांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी मला सांगितलं, "अरे, वळून पाहिलं असतं आणि सीट रिकामी दिसली असती, तर मी काय करणार होतो?"

पुढे छोटा चढ आहे. या सायकलीची पुढची आणि मागची पेडलं एकाच साखळीने जोडलेली असतात. एकाने जोर लावला की दुसऱ्याच्या तळपायाला कळतं. तीन वर्षं प्रत्येक चढ मामांनी धापा टाकत काढला होता.

त्या दिवशी पेडल पायाखालून आपोआप पुढे गेलं.

"पानं!"

टप. टप.

"ओलं आहे!"

टप. टप.

मामा रडत होते आणि हसत होते. मग नसलेले खड्डे सांगायला लागले. नसलेली वळणं, नसलेल्या गाई. प्रत्येक हाकेला दोन टपल्या. सत्तरीचा माणूस, धुक्यात एकटा ओरडत चाललेला. कुणी पाहिलं असतं तर वेडा ठरवला असता.

मग उतार लागला.

वळणावरचा तो अक्रोड धुक्यातून पुढे आला. आता तिथे खड्डा नाही. अपघातानंतर महिनाभरात रस्ता नवा केला.

तरी मामा ओरडले. "खड्डा!"

...काही नाही.

"सोलांज, खड्डा!"

काही नाही. पाठ गार पडली. खाली गिरणीच्या पाण्याचा आवाज यायला हवा होता. तोही येत नव्हता.

मामांनी ब्रेक दाबला. सायकल बरोबर त्या जागी थांबली.

तेव्हा त्यांना कळलं की आता सांगावंच लागणार. जे त्यांनी पोलिसांना सांगितलं नव्हतं, पाद्रीबाबांना सांगितलं नव्हतं, क्लोतिल्दला तर नाहीच.

"मला दिसला होता," मामा पुढे बघतच म्हणाले. "लांबूनच दिसला होता मला खड्डा. शब्द अगदी तोंडात आला होता. पण म्हटलं, बसू दे हिला एक दणका. सकाळी मला बोलली ना... एवढंच गं. एवढाच राग होता. तू जाकिटाची चेन लावायला हात सोडले होतेस, हे मला माहीत नव्हतं. मला मागचं दिसत नाही. तूच म्हणाली होतीस."

कितीतरी वेळ काही झालं नाही. अक्रोडाचं एक पान टपकन खाली पडलं.

मग...

पाठीवर. टप.

आणि बऱ्याच वेळाने, दुसरी... टप.

त्याबरोबर सायकल हलकी झाली. मागच्या सीटची स्प्रिंग सुटल्याचा आवाज आला, कुणी उतरल्यावर येतो तसा. खाली पाणी वाजायला लागलं.

कबरस्तानाच्या फाटकात क्लोतिल्द उभी होती. "किती उशीर बाबा! मला नको नको ते..." ती बोलता बोलता थांबली. तिने मामांना खांदा धरून वळवलं.

"तुमच्या पाठीला कुणी हात लावला?"

धुक्यातल्या दवाने जाकीट सगळं पांढरं झालं होतं. फक्त पाठीच्या मधोमध बोटांचे ठसे. दोन दोन. कितीतरी. हे मला मामांनी नाही, क्लोतिल्दने सांगितलं.

तिथेच मामांनी तिलाही सगळं सांगून टाकलं. खड्ड्याचं. गप्प बसल्याचं.

तिने सगळं ऐकून घेतलं. शेवंती कबरीवर ठेवली, दगड रुमालाने पुसला. मग म्हणाली, "ऐकलं मी, बाबा."

आणि गाडीत बसून तुलूझला निघून गेली. दर रविवारी फोन करते, तब्येत विचारते. त्यापलीकडे काही बोलत नाही.

मामांना त्यानंतर एकही टपली आली नाही. जानेवारीत त्यांनी मला घरी बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. शेवटी माझा हात धरला.

"तू पण मंडळातला आहेस, तुला माहीत आहे. दोन टपल्या म्हणजे 'ऐकलं'. एवढंच ना रे? त्यात 'जाऊ दे' असं काही येतं का?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. खोटं कशाला बोला, असं वाटलं. 'येतं' एवढा शब्द तोंडात आला होता. मी बोललो नाही.

फेब्रुवारीत मामा गेले. सायकल माझ्याकडे आली.

आता रविवारी मी ती एकटाच काढतो. गिरणीच्या उतारावर, त्या अक्रोडापाशी ब्रेक दाबतो आणि मोठ्याने सांगतो, "येतं, मामा. येतं."

आणि पाठ ताठ करून उभा राहतो.

अजून काही आलेलं नाही.