तिसऱ्यांदा उघडलेलं इंजिन

तो टॉर्च बंद कर रे. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग गप्प बसा. ही गोष्ट माझ्या मावसबहिणीच्या, आमच्या अक्काच्या गॅरेजमधली. गेल्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारची रात्र.

रात्रपाळीला जाता जाता एक नर्स आपली मोटारसायकल न्यायला आली. गाडी तिच्या वडिलांची. म्हातारा अंथरुणाला खिळला, तरी किल्ली उशाखालून काढली नाही. ‘बाईमाणसानं या गाडीला हात लावायचा नाही,’ हेच लेकीला पालुपद. तो गेल्यावर भाऊ म्हणाला, भंगारात घाल. पण नर्सचा दवाखाना नदीपलीकडे आणि रात्री बस नाही. तिनं गाडी ढकलत अक्काकडे आणली होती.

अक्कानं इंजिन पार मोकळं केलं. नवा पिस्टन, नवी बेअरिंगं, सिलिंडर बोअर करून आणला. अक्का चालवायची तेव्हा इंजिन लोण्यासारखं. नर्स बसली की आतून ठोका. अक्कानं आणखी दोनदा उघडून पाहिलं. काही सापडेना.

“टॅपेट टिकटिकतात, पिस्टन खडखडतो,” अक्का वैतागून म्हणाली. “हे तर कुणी दार वाजवतंय तसं! बस बरं, पुन्हा ऐकते.”

नर्सनं बसून किक मारली. ठक. ठक. ठक.

अक्कानं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. “बंद कर.”

नर्सनं किल्ली काढून हातात घेतली. इंजिन बंद.

ठक... ठक...

अक्का हलली नाही. ठोका थांबला. मग आत... श्वास. घरघरणारा. म्हाताऱ्या माणसाचा.

स्क्रू ड्रायव्हर हातातून गळून पडला. आता ती घरघर नर्सलाही ऐकू आली.

“शेवटी शेवटी... बाबा असेच...” ती पुटपुटली.

हँडल वळायला लागलं. सावकाश. तिच्या मुठीतून सुटू पाहत.

“उतर! आधी खाली उतर!”

“नाही उतरणार.” नर्सनं दोन्ही हातांनी हँडल सरळ ओढलं. “बाबा, तुमचं हगणं-मुतणं मी काढलं. तेव्हा बाईमाणसाचा हात चालला ना? मग ही गाडी मीच चालवणार. यायचंच असेल तर मागे बसा!”

अक्कालाही चेव आला. “आणि इंजिन मी बांधलंय! माझ्या कामात खोट काढायची नाही, सांगून ठेवते!”

घरघर थांबली. हँडल सैल पडलं. नर्सनं किल्ली लावून किक मारली. ठोका नाही. गाडी सुसाट निघून गेली.

सकाळी पाळी संपवून ती सांगायला आली. रस्ताभर इंजिन झकास चाललं होतं.

“मागे कुणाला बसवलं होतंस?” अक्कानं विचारलं.

“कुणालाच नाही. का?”

अक्का खाली वाकून बघत होती. मागचे दोन्ही फूटरेस्ट उघडे होते. गंजून असे जाम झालेले, की हातोडी घालूनही अक्काला ते उघडता आले नव्हते.