एलिसाचा चेहरा

मयताच्या घरून उठलात की सरळ आपल्या घरी जायचं नाही. वाटेत कुठंतरी टेकायचं, घोटभर काही प्यायचं, मग घर, नाहीतर मेलेलं माणूस मागोमाग घरात येतं. हसताय? हसा. पण एकदा देल्फिनाला विचारा. चर्चच्या मागं पार्लर आहे ना, तीच. दाखल्यावर पुरुषाचं नाव आहे, देल्फिन, पण गावात तिला त्या नावानं हाक मारणारा एकच माणूस होता, आणि गोष्ट त्याच्याच घरातली आहे. तिनं मला ती एकदाच सांगितली. शेवटचा भाग मी स्वतः पाहिलाय.

तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरची नऊ तारीख. संध्याकाळी एस्तेबानचा निरोप आला, पेटी घेऊन ये. पेटी म्हणजे पावडर-लालीची. गावात मयताचा चेहरा नीट करायला देल्फिनाशिवाय दुसरं कुणी नव्हतं. नवऱ्या ती सजवायची, मे महिन्याच्या मिरवणुकीतल्या राण्या ती सजवायची, आणि मेलेली माणसंही तीच.

एस्तेबान नारळाच्या बागांवरचा मुकादम. तापट माणूस. त्याचं एकुलतं एक लेकरू मनिलात तापानं गेलं होतं. कागदोपत्री मुलगा, एलिसेओ. आपल्याला ती एलिसा म्हणून ठाऊक. सतराव्या वर्षी बापानं घराबाहेर काढलं तेव्हा देल्फिनानं पार्लरच्या माळ्यावर तिला जागा दिली. केस धुवायला शिकवलं, उंच टाचांवर चालायला शिकवलं. बाकला पोरींच्या, म्हणजे मुलगे म्हणून जन्मलेल्या पोरींच्या, सौंदर्यस्पर्धेत तिनं मुकुट जिंकला त्या रात्री दोघी चर्चच्या पायऱ्यांवर बसून हसत होत्या.

"बये, मी आधी मेले तर माझा चेहरा तू करायचास," एलिसा म्हणाली होती.

"आणि मी आधी मेले तर?"

"तर मी करीन. पण तुझ्या त्या नाकाला फार वेळ लागेल, आधीच सांगते."

नंतर एलिसा मनिलाला गेली. एका क्लबात रात्री गाण्यांवर ओठ हलवायची, लोक टाळ्या वाजवायचे. आता घरी आली ती अशी.

देल्फिना पोचली तेव्हा ओसरीत पत्त्यांचे डाव मांडलेले होते. कॉफी, बिस्किटं, नेहमीचं जागरण. एस्तेबान शवपेटीशी उभा होता. काचेखाली एलिसा. कमरेपर्यंतचे केस... गेले होते. मानेपाशी कात्रीनं वेडेवाकडे कापलेले. अंगात पांढरा बारोंग सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, नवरदेवासारखा.

"देल्फिन," एस्तेबान म्हणाला, "माझ्या मुलाचा चेहरा पुरुषासारखा कर. फादर येणार आहेत, बागेचे मालक येणार आहेत."

"काका, तिला हे..."

"तिला कुणाला? इथं माझा मुलगा आहे."

देल्फिनानं एलिसाच्या आईकडं पाहिलं. सालूदकाकी कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही.

मग देल्फिनानं ते केलं. कुणी हात धरून करवलं नव्हतं, तिचं तिनंच केलं. नखांचा रंग खरवडला. कोरलेल्या भुवया काळ्या पेन्सिलीनं जाड केल्या. ओठांना मातकट रंग दिला. काम संपलं तेव्हा एस्तेबान म्हणाला, "हां. आता दिसतो माझ्यासारखा." देल्फिनानं पेटी बंद केली आणि कुणाचा निरोप न घेता निघाली. दीड वाजला होता.

ट्रायसिकल रिक्षा मिळाली नाही. इबाबा वस्तीतल्या एस्तेबानच्या घरापासून बाजारापर्यंत चालत पाऊण तास. दोन्ही बाजूंना नारळीच नारळी, आणि त्या रात्री वीज गेलेली. मोबाइलच्या उजेडात ती चालत होती.

पुलापाशी तिला टाचांचा आवाज आला. टक. टक. मागून.

ती थांबली. आवाज थांबला.

ती चालू लागली.

टक. टक.

उंच टाचांचा आवाज, डांबरी रस्त्यावर. डाव्या पायाचा जरा उशिरा पडणारा. ती चाल देल्फिनाच्या ओळखीची होती... तिनंच शिकवलेली. तिनं मागं पाहिलं नाही. पळालीही नाही.

बाजाराच्या तोंडाशी बेबांगमावशीची पेजेची टपरी रात्रभर चालते. आलं घातलेली गरम पेज. कंदील जळत होता. देल्फिना बाकावर कोसळल्यासारखी बसली.

"मयतावरून आलीस ना? बस, खाऊन जा," मावशी म्हणाली, आणि तिनं दोन वाडगे भरले.

देल्फिना वाडग्यांकडं बघत राहिली.

"दुसरा कुणाला?"

"तुझ्याबरोबरचीला." मावशीनं हनुवटीनं रस्त्याकडं दाखवलं. "तिला म्हणावं आत ये. अंधारात काय उभी राहिलीय."

"मावशी... कशी आहे ती?"

"कशी म्हणजे? उंच आहे. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलंय. रडतेय का गं ती?"

देल्फिनानं दोन्ही हात वाडग्याभोवती धरले.

"की कुणी बघू नये म्हणून झाकलंय?" मावशी म्हणाली. "काय झालंय तिच्या तोंडाला?"

पेजेवर साय धरेपर्यंत देल्फिना तशीच बसली. मग उठली. पेटी उचलली. आणि घराकडं न जाता आल्या वाटेनं परत निघाली. सबंध वाटेत टाचांचा आवाज पुढं होता... तिच्या पुढं, दहा पावलांवर.

ओसरीतले पत्तेवाले टेबलावर डोकी टेकून झोपले होते. एस्तेबान खुर्चीत घोरत होता. सालूदकाकी एकटी जागी.

"काही विसरलीस?" तिनं विचारलं.

"हो काकी. विसरले होते."

सालूदनं तिच्या पेटीकडं पाहिलं. मग ती उठली आणि शवपेटीची काच तिनं स्वतः वर उचलली. मेणबत्ती जवळ धरली. देल्फिनानं कापूस भिजवला आणि आधी भुवया पुसल्या.

"तिला कुठला रंग आवडायचा?" सालूदनं हळूच विचारलं. लेकराला 'ती' म्हणण्याची तिची ती पहिलीच वेळ.

"लाल. अगदी लाल. मी सांगायची, गुलाबी लाव, शोभेल. ऐकायची नाही."

"लहानपणीही ऐकायची नाही."

सालूदनं आत जाऊन लग्नातली जाळीदार ओढणी आणली आणि ते कापलेले केस झाकले. देल्फिनानं ओठ रंगवले. दोघींनी मिळून नखं. मेणबत्ती संपत आली तेव्हा तिथं एलिसा झोपलेली होती. आईनं तिला तशी कधी पाहिलीच नव्हती. तिनं तोंडात रुमालाचा बोळा कोंबला, कारण मयतावर अश्रू पडू द्यायचा नसतो.

मागं खुर्ची करकरली.

एस्तेबान आला. उभा राहिला. ओरडेल असं वाटलं. ओरडला नाही. खिशातून रुमाल काढला, पाण्यात बुडवला, आणि त्यानं तो चेहरा पुसला. डोळे. गाल. ओठ तर दोनदा. सालूद म्हणत होती, राहू द्या... राहू द्या हो. त्यानं ओढणी काढून तिच्या हातात दिली. काच लावली. चारी कोपऱ्यांचे स्क्रू स्वतः पिळले. मग काचेवर हात ठेवून तो उजाडेपर्यंत तसाच उभा राहिला. देल्फिना सांगते, त्याचे खांदे हलत होते, पण आवाज म्हणून आला नाही.

पुढचं मी पाहिलं. सकाळी आठला चर्च, नऊला दफन. मी ट्रायसिकल घेऊन गेलो होतो. खड्ड्याशी शेवटचं दर्शन झालं. काचेखाली कोरा, फिकट चेहरा. पुसलेला. मी अगदी जवळून पाहिला. ओठांवर रंगाचा टिपूसही नव्हता. सगळ्यात शेवटी एस्तेबान गेला. गुडघ्यांवर बसला. वाकला. गाल काचेला लावला आणि काहीतरी बोलला. आम्हाला फक्त एक शब्द ऐकू आला.

"एलिसा."

मग तो उठला आणि आमच्याकडं वळला.

त्याच्या उजव्या गालावर ओठ उमटले होते. लाल. अगदी लाल. दोन्ही ओठ, पुरते. काच कोरडी होती. स्क्रू तसेच होते.

फादरनी छातीवर क्रूसाची खूण केली. कुणी त्याला काही सांगितलं नाही. कोण सांगणार?

मीच त्याला घरी सोडलं. उतरताना त्याला माझ्या गाडीच्या आरशात ते दिसलं. किती वेळ वाकून बघत होता कुणास ठाऊक. मी इंजिन बंद केलं. दारात पेरूची पानं घातलेलं पाण्याचं घमेलं ठेवलं होतं, स्मशानातून आलेल्यांनी हात-तोंड धुवायचं म्हणून. सगळ्यांनी धुतलं. एस्तेबाननं कोपरापर्यंत हात धुतले, झटकले, आणि तोंड न धुता आत गेला.

सालूद सांगते, चाळीसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे आत्मा निघून जाईपर्यंत, तो त्या उजव्या कुशीवर झोपला नाही.