त्रेसष्टावं डोकं

प्रेम डोळ्यांतून काळजात उतरतं, असं अनुभवी माणसं सांगतात. आमचं मात्र हवेच्या पंपाने कानशिलापाशी भरावं लागणार होतं. आणि पहिल्या खेपेला तेही जमलं नाही.

आयोवातल्या आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे हेल्मेट घालून धडका देत खेळायच्या, संघाने त्या ऑक्टोबरात लागोपाठ दोन सामने जिंकले आणि बोललेला नवस फेडायला अख्ख्या संघाने डोकी भादरून घेतली. भक्ती दांडगी होती. पण हेल्मेटं केसांसकट मापून बसवलेली आहेत, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. खेळाच्या सामानाची खोली मी सांभाळायची — मी, लेनोरा व्होसबर्ग. त्रेसष्ट गुळगुळीत डोकी पुन्हा मापायचं काम माझ्यावर आलं.

बासष्ट झाली. त्रेसष्टावं जिन्याच्या वळणावर माझ्यावरच येऊन आदळलं. हातातली चार हेल्मेटं गडगडत तळमजल्यावर गेली.

“डोक्याने धडक दिली की मैदानाबाहेर काढतात,” मी म्हटलं.

“मग काढ ना… कुठे नेतेस?”

हा डर्क हाल्व्हरसन. मैदानात चेंडू झेलायचा, आणि हसत झेलायचा. बाहेर बारीक गारा पडत होत्या. एरवी नायकाच्या केसांतून पाणी निथळतं. याच्या ते थेट कानात जात होतं.

मी त्याचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवलं आणि पुढची जाळी धरून हळूच वळवलं. नीट बसलं असेल तर कपाळाची कातडीही सोबत सरकते. हेल्मेट एकटंच फिरलं. कानाच्या भोकातून एक निळा डोळा माझ्याकडे बघू लागला.

“इथून छान दिसतेस,” आतून आवाज आला.

“बस खाली. आतल्या गाद्यांत हवा भरते.”

“घट्ट झालं की गुदमरायला होतं गं. उद्या येतो… नक्की.”

तो उद्या काही उगवला नाही. आणि मी त्या डोळ्याची आठवण काढण्यात इतकी गुंतले होते की त्याच्या मागे लागले नाही.

शनिवारच्या सामन्यात धडक बसली आणि त्याचं हेल्मेट उडालं. हेल्मेट उडालं की पुढचा एक डाव, म्हणजे जेमतेम काही सेकंदांची एक चाल, बाहेर बसायचं, असा नियम. त्याच डावात त्याच्या जागी आलेल्याच्या हातून चेंडू निसटला आणि आम्ही हरलो. डर्कला दोष दिसला तो नियमाचा. मंगळवारच्या वादसभेत त्याने ठरावच मांडला: हा नियम रद्द व्हावा. विरोधात बोलणार होते मी.

“अध्यक्षमहाराज, बूट निघाला तर कुणी बाहेर बसवतं का?” हशा. “समोरच्या बाईंना माझी एवढी काळजी असेल, तर त्यांनी ती समक्ष येऊन घ्यावी!” आणखी हशा. माझे कान तापले… वाईट वाटून नव्हे.

मग तो थांबला. कागदाकडे बघत राहिला.

“अध्यक्षमहाराज… बूट निघाला तर कुणी बाहेर बसवतं का?”

सभागृह पोट धरून हसलं. लोकांना ती त्याची लकब वाटली. मला दिसलं की तो दिव्याकडे पाठ करून उभा आहे आणि टेबल धरलेली त्याची बोटं पांढरी पडली आहेत.

माझ्याकडे नऊ मुद्दे होते, तीन तक्ते होते. मी ते तिथेच ठेवले.

“मी माझी वेळ सोडते,” उठून म्हटलं. “याला डॉक्टरांकडे न्यायचंय. आत्ता.”

तो वाकून कुजबुजला, “लेनोरा, नको ना… शेवटचं वर्ष आहे माझं.”

“डोकंही शेवटचंच आहे.”

मेंदूला मार होता. डॉक्टरांनी त्याचा हंगाम तिथेच संपवला. तो माझ्याशी बोलेना… एक नाही, दोन नाही, बारा दिवस. त्या बारा दिवसांत मी हेल्मेटांत इतकी हवा भरली की खेळाडू तक्रार घेऊन यायला लागले.

तेराव्या दिवशी दुपारी जेवणघरात समोर एक ट्रे आला. वाडगाभर चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि शेजारी दालचिनीचा गोड रोल. आमच्याकडे हे दोन्ही एकत्रच खातात. त्याबद्दल कुणी माफी मागत नाही.

“आज सकाळी पडदा उघडला,” डर्क म्हणाला. “डोळे मिटावे लागले नाहीत. ऊन, मक्याच्या काढणीची धूळ… सगळं दोन-दोन नाही, एकेकच दिसलं. म्हटलं, आईला फोन करावा. मग वाटलं, आधी तुला सांगावं.”

“बरं.”

“बरं काय! इतके दिवस तुझ्यावर चिडून होतो. पण चिडायलाही डोकं लागतं, आणि ते तू राखलंस…” त्याने रोल मोडून मोठा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. “थँक्यू, लेनोरा.”

“माझंही चुकलंच. हेल्मेट तेव्हाच काढून घ्यायला हवं होतं. पण तू… आवडला होतास. मागे लागणं बरं दिसलं नसतं.”

“मग आता लाग की,” तो म्हणाला. “मला पळायची बंदी आहे.”

लग्नाला आता चौदा वर्षं झाली. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्की कापायच्या आधी प्रत्येकाने आपण कुणाचे ऋणी आहोत ते सांगायचं असतं. डर्क माझं नाव घेतो, मी त्या एका डावाच्या नियमाचं. दोघांचेही डोळे भरून येतात. सासरेबुवा तेवढे गप्प बसतात. त्यांना आकडे पाठ आहेत: डर्क बाहेर बसल्यावर आमचा संघ उरलेले तिन्ही सामने जिंकला होता.